पटण्यासारखं

खोटं मी एकदाच बोलले, आणि तेसुद्धा खरं कुणाला पटणार नाही म्हणून. हे वाक्य ऑफिसात कुणाच्या जबाबात आलं असतं, तर मी पेन्सिल उचलून समासात खूण केली असती.

मी विमा कंपनीत आहे, अपघात विभागात. लोक पडतात, भाजतात, दारात बोटं चिरडून घेतात आणि मग काय झालं ते दोन पानांत लिहून पाठवतात. ते वाचायचं आणि शेवटच्या पानावरच्या चार चौकोनांपैकी एकात खूण करायची, हे माझं काम. चौकोनांपुढे चार इंग्रजी विशेषणं छापलेली आहेत. पहिलं क्रेडिबल, विश्वास ठेवावा असं. दुसरं प्लॉझिबल, असं होऊ शकतं. चौथं इनक्रेडिबल, अजिबात शक्य नाही असं. ही तिन्ही कुणालाही समजतात. नव्या माणसाची गाडी अडते ती तिसऱ्यापाशी. स्पेशस.

मी नवीन होते तेव्हा मीही अडले होते. कॉलेजात इंग्रजी घेऊनसुद्धा हा शब्द कधी भेटला नव्हता. आमचे मोठे साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. ते म्हणाले, "खोटं जर खोट्यासारखं दिसायला लागलं, तर तुला पगार कशाला द्यायचा? ते दारावरचा वॉचमनपण ओळखेल. हे वेगळं. दुकानाच्या काचेत मेणाची सफरचंदं ठेवतात ना, तसं. सडकं नाही, डागाळलेलं नाही. खऱ्या सफरचंदापेक्षा चांगलं दिसतं. चावल्याशिवाय कळत नाही."

"आणि चावायचं कसं, सर?"

"खिडकी उघडायची."

खिडकी हा आमच्या विभागातला शब्द. जबाब देणाऱ्याला फोन करायचा, अगदी गोड आवाजात बोलायचं आणि बोलता बोलता त्याला एक सोयीची वाट दाखवायची. "काका, त्या वेळी फरशी ओली होती का हो?" जबाबात ओल्या फरशीचा उल्लेख नसतो. खरा माणूस म्हणतो, नाही बुवा, कोरडी होती. रचून सांगणारा म्हणतो, अरे हो, ओलीच होती की! खिडकी उघडी दिसली की तो उडी मारतो. मारली उडी की तिसरा चौकोन.

मी यात पटकन तयार झाले. "हिला नाक आहे," असं साहेब म्हणायचे. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याची कारणं मला वाचायला द्यायची. "बस चुकली म्हणतो."

"प्लॉझिबल."

"बस चुकली, मोबाइलची बॅटरी संपली, आणि एका आजीबाईंना घरापर्यंत सोडलं म्हणतो."

"तिसरं गं बाई, तिसरं. आजीबाई कशाला आणल्या त्याने मध्ये?"

आम्ही हसून लोटपोट. एका वायरमनच्या जबाबावरही मी तिसरी खूण केली होती. घरचा पंखा बसवताना स्टुलावरून पडला, मनगट गेलं. फोनवर आम्ही विचारलं, स्टुलाचा एक पाय लहान होता का. तो म्हणाला, हो हो, होता. संपलं. आता मला वाटतं, तो बिचारा नुसता होकार देत असेल. फोनवर ऑफिसातला आवाज आला की माणसं देतात होकार.

गुंडी अडीच वर्षांची आहे. शर्टाच्या गुंडीएवढी होती जन्मली तेव्हा, म्हणून गुंडी. आता थोडी गुंडही झाली आहे. ती झाल्यापासून मला घरात नुसते कोपरे दिसतात. टेबलाचे कोपरे, कपाटाचे कोपरे, नळाची तोटी. सगळ्यांना मी स्पंजाच्या पट्ट्या चिकटवल्या. सासूबाई चार दिवस राहायला आल्या की म्हणायच्या, "आता भिंतींना स्वेटर विण."

त्या शनिवारी मी तिला बागेत नेलं. दुपारचे अडीच, बागेत चिटपाखरू नव्हतं. गर्दीत मोठी मुलं ढकलतात म्हणून मी मुद्दाम ती वेळ निवडली होती. घसरगुंडी माझ्यापेक्षा हातभर उंच. आधी मी पत्र्याला तळहात लावून बघितला, तापला नव्हता. मग शिडीच्या पायऱ्या हलवून बघितल्या.

"एकटी," गुंडी म्हणाली. "आई नको. एकटी!"

"एकटी पडशील, राणी. आई मांडीवर घेते."

"एकटी!"

मी ऐकलं नाही. तिला घेऊन वर चढले, मांडीवर बसवलं, दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलं आणि खाली घसरले. अर्ध्या वाटेत तिच्या उजव्या बुटाचा रबरी तळ कडेच्या पट्टीला चिकटून अडकला. क्षणभरच. माझं वजन मात्र थांबलं नाही, ते खाली निघालं होतं. पडलो नाही, आपटलो नाही, कसलाही आवाज झाला नाही. खाली पोचल्यावर मी "आलो!" असंही म्हणाले. मग ती रडली. असं रडणं मी तिच्या जन्मापासून ऐकलं नव्हतं, आणि उजवा पाय ती टेकवेना.

टॅक्सीवाल्याने आरशातून बघत विचारलं, "काय झालं हो ताई पोरीला?"

मी तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधीच मला ते वाक्य कागदावर टाइप केलेलं दिसलं. मूल आईच्या मांडीवर होतं. आईने त्याला घट्ट धरलं होतं. दोघी घसरगुंडीवरून सुखरूप खाली आल्या. मुलाचा पाय मोडला. मी स्वतःच यावर चौथी खूण केली असती, दुसऱ्यांदा न वाचता.

"शिडीवरून पडली," मी म्हणाले. "तिसऱ्या पायरीवरून."

"पोरांचं असंच हो. डोळ्याचं पातं लवतंय तोवर..." त्याने गाडीचा वेग वाढवला.

इतक्या सहज पटलं त्याला. मला त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं. मग पूर्ण वाटभर मी गुंडीच्या केसांवरून हात फिरवत तेच म्हणत राहिले. "शिडीवरून पडलं ना माझं बाळ? धप्प झालं ना? शिडी वाईट आहे, हो ना?" मी तिला समजावत होते की शिकवत होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. दोन्ही करत होते.

हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर वयाने माझ्याएवढेच असतील. त्यांनी एक्स-रेचा फोटो पडद्यावर लावला. गुंडीचं नडगीचं हाड पेन्सिलीएवढं दिसत होतं, आणि त्यावर केसासारखी एक रेघ तिरकी, गोल फिरत वर गेलेली.

"कशी पडली म्हणालात?"

"घसरगुंडीच्या शिडीवरून. तिसऱ्या पायरीवरून. मी मागेच होते, पण हात पोचला नाही." मागेच होते, हात पोचला नाही. मीच इतरांच्या जबाबांत अशा जागी थांबायचे.

डॉक्टर थोडा वेळ फोटोकडे बघत राहिले. मग खुर्ची वळवून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "एक विचारू? घसरगुंडीवरून हिला कुणी मोठं माणूस मांडीवर घेऊन खाली आलं होतं का?"

खिडकी. किती सफाईने उघडली होती. आवाजसुद्धा तोच, आमच्या फोनवरचा, साखर घातलेला. मी जे सांगितलं त्यात मांडीचा उल्लेख नव्हता, डॉक्टर हे आपल्या पदरचं घालत होते. आता हो म्हटलं की उडी. हो म्हणणाऱ्या माणसांचं काय होतं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

"नाही," मी म्हणाले. "मांडीवर नव्हती."

"नक्की? आठवून सांगा. घाई नाही."

"नक्की. शिडीवरून पडली."

त्यांनी मान हलवली आणि लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. नर्सने गुंडीला आत नेलं, प्लास्टर घालायला. मी उठले तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बसा. आमच्या समाजसेविका येतील, त्यांच्याशी बोला जरा."

समाजसेविका बाई पन्नाशीच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात निळी फाइल. डॉक्टरांनी माझ्यासमोरच त्यांना समजावलं, काही लपवलं नाही. हाड सरळ पडून असं मोडत नाही. असं मोडायला पाय पिळला जावा लागतो. या वयात हे बहुतेक वेळा घसरगुंडीवर होतं, आईबाप मूल मांडीवर घेतात आणि बूट अडकतो. महिन्याला दोन तरी येतात. "पण तसं झालं नाही, असं आई सांगताहेत. मग पाय पिळला कसा, एवढाच प्रश्न आहे."

महिन्याला दोन तरी.

मी तिथे बसले होते, पर्स मांडीवर घेऊन, तिची चेन उघडत आणि लावत. जे मला अशक्य वाटलं होतं, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी खिडकी उघडली नव्हती. खरा दरवाजा उघडला होता, आणि तो मी आतून कडी घालून लावून घेतला होता.

नवरा छापखान्यातून तसाच आला, नखांत शाई. त्याला, आणि फोनवर सासूबाईंना, मी शिडीचंच सांगितलं. कागदावर एक आणि घरात एक, असं कसं ठेवायचं? दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी सकाळी तो दाढी करत होता, तेव्हा मी बाथरूमच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं. मांडी, बूट, सगळं.

त्याने वस्तरा खाली ठेवला. "मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंस?"

"पटलं नसतं."

"कुणाला?"

"कुणालाच."

"मला विचारायचंस की, पटतं का म्हणून. मी काय तुझ्या ऑफिसातला आहे?" तो चिडला नव्हता, हेच वाईट होतं. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून त्याने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "आता एक सांग. हे शेवटचं ना? का अजून तिसरं काही आहे?"

"तिसरं काही नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याने वस्तरा उचलला. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली, तो कधी मला नुसतं "बरं" म्हणाला नव्हता. काहीतरी पुढे जोडायचाच.

त्याच दिवशी मी रजा टाकून हॉस्पिटलात गेले, जबाब दुरुस्त करायला. समाजसेविका बाईंनी चहा मागवला. मी जसं झालं तसं सांगितलं. सांगताना माझ्याच कानाला ते किती नीट वाटत होतं! बूट अडकला, वजन पुढे गेलं, पाय पिळला. डॉक्टरांनी परवा जे सांगितलं होतं त्यात कुठे फट म्हणून राहिली नाही, शब्दसुद्धा जवळपास तेच. राहणार कशी? झालंच तसं होतं.

बाईंनी फाइलचं पान मागे उलटलं. "डॉक्टरांनी तुम्हाला हेच विचारलं होतं ना? दोनदा?"

"हो."

"आणि तुम्ही दोन्ही वेळा नाही म्हणालात."

"मी घाबरले होते."

"साहजिक आहे." त्यांनी लिहिलं. "नोकरी करता?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की काय करायचं असतं तुम्हाला तिथे? मी तेही सांगितलं, चौकोन, खुणा, सगळं. खोटं एकदा झालं होतं, आता पुन्हा लपवायचं नाही असं ठरवून गेले होते. बाईंचं पेन थांबलं.

"म्हणजे कुठली गोष्ट पटते आणि कुठली पटत नाही, हे तुमचं रोजचं काम आहे."

"हो, पण..."

"मी तुमच्यावर आरोप करत नाही हं. बाळाशी बोलायचंय मला थोडं. चालेल?"

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. बरोबर कापडी बाहुली होती. मला त्यांनी स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं. दार उघडंच होतं. गुंडी सोफ्यावर, पांढरा पाय उशीवर. बाईंना मुलांशी बोलता येत होतं, ते कबूल करायला हवं. आधी बाहुलीचं नाव ठेवून झालं, मग बाहुलीला ताप येऊन गेला, मग बाहुलीचा पाय दुखायला लागला.

"तुझा पाय कसा गं दुखला?"

"शिडी," गुंडी म्हणाली. "धप्प!"

"अगं बाई! धप्प झालं? आणि आई कुठे होती?"

"आई म्हणते, शिडी वाईट."

"आई म्हणते? कधी म्हणते?"

"सारखी," माझी लेक म्हणाली, आणि बाहुलीला उशीवर आपटून दाखवलं. "धप्प! धप्प!"

मी ओट्याला धरून उभी होते. बाहेर जाऊन ओरडावं असं वाटत होतं की अहो, तिला मी टॅक्सीत शिकवलं, ती खोटं बोलत नाहीये, मी बोलत होते. पण असं ओरडणाऱ्या बाईविषयी काय वाटलं असतं कुणालाही? मलाच काय वाटलं असतं? मी ओट्यावरचा कोरडा फडका उचलला आणि कोरडाच ओटा पुसायला लागले.

बालकल्याण समितीचं पत्र आठ दिवसांनी आलं. भाषा सौम्य होती. कुणावर ठपका नाही. दुखापतीचं कारण 'अनिश्चित', आईची दोन निवेदनं परस्परविरोधी, दुसरं निवेदन 'वैद्यकीय मत कळल्यानंतरचं'. त्यात ते तिसरं विशेषण कुठे नव्हतं, पण मला ते प्रत्येक ओळीच्या खाली दिसत होतं. मी असते तर एका खुणेत काम संपवलं असतं, त्यांनी दीड पान घेतलं. खाली अट होती. तीन महिने मुलीला आईजवळ एकटं ठेवू नये. घरातली दुसरी सज्ञान व्यक्ती सतत हजर हवी, आणि तिने रोजच्या तक्त्यावर सही करावी. तीन महिन्यांनी फेरविचार.

नवऱ्याने आपल्या आईला फोन लावला. सासूबाई बॅग घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर. आल्या आल्या म्हणाल्या, "मेले, काय लावलंय त्यांनी! आईला पहारा?" आणि तक्ता फ्रिजवर चिकटवला. चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला. "रोज सही? बरं बाई. मी पेन्शनच्या सहीपलीकडे काही केलं नाही, आता हे."

मला वाटलं होतं, त्या दोन दिवसांत ढिल्या पडतील. तशा त्या अघळपघळ आहेत, गॅसवर दूध विसरणाऱ्या. पण तक्त्याच्या बाबतीत त्या काही विसरल्या नाहीत. मी गुंडीला भरवते, त्या समोर. गुंडी झोपते, त्या खुर्ची ओढून दारात. नवरा घरी असला तरी त्यांना बरं वाटत नाही. एकदा डोकावून जातात. मी ऑफिसात जाते, जबाब वाचते. पण महिनाभरात मी तिसऱ्या चौकोनात एकही खूण केली नाही. साहेबांच्या जागी आलेल्या बाईंनी बोलावून विचारलं, काय हो, जगात खोटं बोलणं बंद झालं का? मी म्हटलं, मला ओळखू येत नाही आता. त्यांना तो विनोद वाटला.

काल रविवार. मी गुंडीला आंघोळ घालत होते. प्लास्टरला पिशवी बांधून पाय बादलीवर टेकवलेला, बाकीची ती टबात. सासूबाई बाथरूमच्या दारात प्लास्टिकच्या स्टुलावर. तीन आठवडे झाले, हे स्टूल तिथेच असतं.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही आत बसा ना जरा. दोन मिनिटं. कोण बघायला येतंय?"

"नको गं. सही मला करायची असते."

"दोन मिनिटांनी काय होतं?"

"काही होत नाही. काही होत नाही हे मलाही कळतं." त्यांनी पदर नसताना पदर सारखा करावा तसा खांद्यावरून हात फिरवला.

मी गुंडीच्या पाठीला साबण लावत राहिले. मग न राहवून विचारलंच. "तुम्हाला तरी पटतं ना माझं? मांडीवर होती ते?"

"पटतं की."

"मनापासून?"

"मनापासून." त्यांनी गुंडीचा टॉवेल मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. "पण शिडीचंही पटलं होतं गं मला. त्या दिवशी फोनवर सांगितलंस ना, मागेच होते, हात पोचला नाही, तेव्हा मला पोर पडताना अगदी दिसली. तुझा हात दिसला, पुढे केलेला. मी रडले फोन ठेवून. ते काही झालंच नव्हतं, नाही का? पण दिसलं की मला." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, गुंडीकडे बघत होत्या. "तू वाईट नाहीस. तसं मी कुणाला म्हणूही द्यायची नाही. पण तू सांगतेस आणि मला दिसतं. मग मी काय करू? मी आपली डोळ्यांनी बघत बसते."

मी हाताचा साबण धुतला. काय बोलणार? जे बोलले असते तेही त्यांना दिसलं असतं.

"डोळे मीट, राणी," मी गुंडीला म्हटलं. "डोक्यावर पाणी."

गुंडीने डोळे मिटले नाहीत. तिने आधी दाराकडे बघितलं, आजीकडे. आजीने मान हलवली, तेव्हा मिटले.

मी तांब्या भरून हळूहळू ओतायला लागले. खोलीत वाफ दाटली होती. सासूबाईंच्या चष्म्यावर धुकं आलं. त्यांनी तो काढला, गाऊनच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि स्टूल थोडं आत ओढून घेतलं.